पुढच्याचे टोक

काही कामे अशी असतात की ती उत्तम झाली म्हणजे दिसेनाशी होतात. गवंड्याची भिंत उभी राहते, सुताराची खुर्ची बसणाऱ्याला रोज त्याची आठवण करून देते. पण रफू करणाऱ्याने मन लावून काम केले तर मागे काहीच उरत नाही. जिथे भोक होते तिथे कापड असते, आणि ते जन्मापासूनच तिथे असावे असे वाटते. गल्लीच्या टोकाला, जिन्याखालच्या खोलीत, रफूकाकांनी अशा कामात आपली हयात घालवली होती.

खोली लहान होती. उत्तरेकडच्या एकुलत्या एका खिडकीतून दिवसभर एकसारखा, न तापणारा उजेड येई. त्या उजेडासाठीच काकांच्या गुरूंनी ही जागा निवडली होती आणि त्यांच्या मागे काकांनी ती राखली होती. खिडकीपाशी उतरते मेज, मेजाला जखडलेले भिंग, जाड लोकरीच्या तुकड्यात टोचून ठेवलेल्या सुया. चालू कामाची सुई मात्र काका सदऱ्याच्या छातीवर टोचून ठेवीत; जेवायला बसले तरी ती तिथेच असे. सूनबाई म्हणायची, "बाबा, एखाद्या दिवशी कुणी मिठी मारायला येईल आणि बोंबलत सुटेल."

"म्हणून तर कुणी येत नाही," असे काका म्हणत.

गुरूंनी त्यांना दोन नियम घालून दिले होते. पहिला असा की, कापडाची उलटी बाजू कुणाला दाखवायची नाही. ती कापड आणि कारागीर यांच्यातली गोष्ट. दुसरा असा की, काम संपल्यावर शेवटचा धागा कापडाला लगटून कापायचा नाही. बोटाच्या पेराएवढे टोक उलट्या बाजूला राखायचे, त्याला एक सैल वळसा द्यायचा आणि शेजारच्या धाग्याखाली निजवून ठेवायचे. शिकाऊ वयातल्या काकांनी विचारले होते, "हे कुणाचं?"

"पुढच्याचं," गुरू म्हणाले होते.

पुढे केव्हातरी कापड त्याच जागी विरले, तर जो कुणी ते हाती घेईल त्याला त्याच रंगाचा, कापडाबरोबरच जुना झालेला धागा तिथेच मिळावा, असा त्यातला भाव. पण हा 'पुढचा' काकांना कधी भेटला नव्हता. परक्या हातांनी रफू केलेली पुष्कळ कापडे त्यांच्या मेजावरून गेली. भिंगाखाली धरून ते प्रत्येकाची उलटी बाजू मोठ्या आशेने पाहत, आणि प्रत्येक वेळी धागा लगटून कापलेला असे. तेव्हा ही रीत जगात दोघांचीच, एक गुरूंची आणि एक आपली, अशी त्यांची समजूत होऊन बसली. त्या दोघांतला एक केव्हाच गेला होता आणि उरलेल्याला शिष्य मिळाला नव्हता.

गुरूंकडून एकच विद्या घ्यायची राहिली होती. काही थोर कापडांना उलटी बाजू नसतेच. दोन पदर एकातएक विणलेले असतात आणि दोन्हीकडून कापड सारखेच सुंदर असते. त्या दुहेरी विणीचे रफू गुरू एकट्याने, दार लोटून करीत. काकांनी हट्ट धरला तेव्हा म्हणाले, "पुढच्या थंडीत शिकवीन. शाली थंडीतच येतात." ती थंडी यायच्या आधीच गुरू गेले.

*

आता गल्लीचा रंग पालटला होता. दिवसभर खोकी घेऊन मोटारसायकली येत आणि दारोदार थांबत. खोक्यांतून सदरे निघत, कोट निघत, बूट निघत. लोक फोनच्या काचेवर बोट फिरवून कापड निवडीत. त्याला हात न लावता, त्याचा वास न घेता. भोक पडले की ते टाकून नवे मागवीत.

काकांचा शेजारी आणि बालमित्र बूट-चपला दुरुस्त करी. त्याच्या अखंड बडबडीमुळे सगळी गल्ली त्याला 'रेडिओ' म्हणे. तो खिळे तोंडात धरूनही बोलू शके.

"बघ, आणखी एक खोकं," रेडिओ म्हणाला. "पूर्वी पाय वाढायचे म्हणून बूट बदलायचे. आता फोन सांगतो म्हणून बदलतात. अरे, तू काय बसलायस सुई घेऊन? जगात आता भोकंच शिल्लक नाहीत. भोक पडायच्या आत वस्तू कचऱ्यात जाते."

"मग तू कशाला बसलायस?"

"मी तुला सोबत म्हणून बसलोय. तू उठलास की मी उठतो."

सूनबाई दोघांचे बोलणे ऐकत असे. काकांचा मुलगा जहाजावर नोकरीला होता आणि वर्षातला बराचसा काळ समुद्रात असे. सूनबाई वरच्या मजल्यावर घरी बसूनच कुठल्याशा दूरच्या कंपनीचे काम करी. कचेरी म्हणजे इमारत ही काकांची कल्पना तिने केव्हाच मोडीत काढली होती. ती एकदा खाली आली आणि म्हणाली, "बाबा, तुमचं काम इंटरनेटवर घालू या. फोटो काढते."

काकांनी हो-ना करीत चार उत्तम कामे पुढे ठेवली. तिने खिडकीच्या उजेडात फोटो काढले आणि जगापुढे मांडले. दोन दिवसांनी ती उत्तरे वाचून दाखवायला आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता.

"एकजण विचारतोय, कापड छान आहे, कितीला देणार? दुसरी म्हणते, यात नेमकं काय केलंय? आणि हा बघा शहाणा. म्हणतो, 'मीही माझ्या न फाटलेल्या पँटचा फोटो टाकू का?'"

रेडिओ दारात हसून हसून लोळायचा बाकी राहिला. "अरे, तुझ्या गुरूनं तुला अदृश्य करून ठेवलंय!"

"उलटी बाजू दाखवली तर कळेल लोकांना," सूनबाई हळूच म्हणाली.

काकांनी भिंग पुसायला घेतले. ते रागावले म्हणजे भिंग पुसत. "ते सोडून बोल, पोरी."

तिने फोन उचलला आणि ती जिना चढून गेली.

*

थंडीच्या सुरुवातीला एक स्त्री आली. तिच्या हातात दोन शाली होत्या. राखी जमिनीवर गर्द निळी किनार, दोन्ही अगदी एकसारख्या. ती शाळेत शिकवणारी बाई होती. आवाज खणखणीत, पण डोळे जागरणाने तारवटलेले.

"काका, यातली एक माझ्या आईची. तिनं तरुणपणी प्रवासात घेतलेली. दुसरी मी मागवलेली, हुबेहूब तशी. जगाच्या पाठीवर तशी शाल आहे का म्हणून फोनला विचारलं, तर चार दिवसांत दारात आली."

"मग अडचण काय?"

बाई खुर्चीवर बसली. आईची स्मृती गेली होती, असे तिने सांगितले. लेक कोण, घर कुठले, काही ठाऊक नाही. चाकांच्या खुर्चीत बसून असते. उरली होती ती एकच सवय: शालीची कड चिमटीत धरायची, बोटे सरकवत न्यायची आणि एका ठिकाणी थांबायचे. तिथे थांबली की तिचा श्वास संथ व्हायचा. मग ती खायची, झोपायची, कधी गुणगुणायचीसुद्धा. पण खुर्चीच्या चाकात शाल अडकली आणि नेमकी तीच जागा फाटली. तेव्हापासून बोटे फिरत राहतात आणि कुठेच थांबत नाहीत.

"नवीन शाल दिली. आम्हा सगळ्यांना ती तीच वाटली. आईनं एकदा चाचपली आणि फेकून दिली. डोळ्यांना फसवता आलं असतं हो, बोटांना नाही आलं. तिनं नीट जेवणं सोडलंय, काका. डॉक्टर म्हणतात, फार दिवस असं चालायचं नाही."

काकांनी जुनी शाल हातात घेतली आणि ती उलटवली. मग पुन्हा उलटवली. दोन्ही बाजू सारख्या होत्या.

दुहेरी वीण. नाही म्हणायचे शब्द ओठांवर आले होते. पण फाटीच्या कडेशी त्यांचा अंगठा अडखळला. दोन पदरांच्या मध्ये काहीतरी होते, राईच्या दाण्याएवढे. त्यांनी भिंग ओढले, सुईच्या टोकाने वरचा पदर किंचित उचलला, आणि त्यांचा हात थांबला.

आत एक धागा निजलेला होता. बोटाच्या पेराएवढा, सैल वळसा दिलेला.

काका भिंगावर वाकलेलेच राहिले. शिक्षिकेला वाटले, काकांना भोवळ आली असावी. "काका? पाणी आणू?"

"नको," काका म्हणाले. "ही शाल पूर्वी एकदा फाटली होती. कुणीतरी रफू केलीय."

"शक्यच नाही. मी लहानपणापासून बघतेय."

"म्हणूनच दिसली नाही."

हे काम ना गुरूंचे होते, ना काकांचे स्वतःचे. गुरूंच्या हाताची ठेवण ते अंधारातही ओळखत; हा वळसा उलटा, डावीकडून उजवीकडे होता. जगात कुठेतरी तिसरा कुणी होता. ज्याची वाट पाहता पाहता केस पांढरे झाले, तो 'पुढचा' भेटण्याऐवजी आज एक 'मागचा' समोर उभा होता, आणि ज्या विद्येवाचून काका अडले होते ती त्याला येत होती.

"ठेवून जा," ते म्हणाले. "जमेल असं वचन देत नाही. पण विचारून बघतो."

"कुणाला?"

काकांनी शालीची घडी घालून ती मेजावर ठेवली. बाई गेल्यावर ते जिन्यापाशी उभे राहिले आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी वर हाक मारली, "सूनबाई, तो फोन घेऊन खाली ये. फोटो काढायचाय."

"कशाचा, बाबा?"

काकांनी मेजावरच्या शालीकडे पाहिले. "आतल्या बाजूचा."

*

भिंतीवरच्या गुरूंच्या तसबिरीकडे न पाहता त्यांनी पदर उचलून धरला. सूनबाईने फोटो काढला आणि विचारले, "खाली काय लिहू?"

"लिही, की असं टोक राखणारा कुणी आहे का? आणि दुहेरी विणीचं रफू येतं का? आम्हाला शिकायचंय."

"आम्हाला?"

"मला," काका म्हणाले. "आम्हाला कसलं! मला."

पहिल्या दिवशी शिलाईयंत्र विकणाऱ्याचा एक निरोप आला आणि कुणीतरी टोमणा मारला की, वेळ जात नसेल तर फिरायला जा. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई धावतच खाली उतरली. तिच्या पायांत चप्पल नव्हती.

"बाबा, हे बघा. खाली खाली जात राहा. संपतच नाही."

काकांनी काचेवर बोट ठेवले. आणि मग एकामागून एक उलट्या बाजू वर येऊ लागल्या.

कुणा कोळ्याच्या जाळ्याची गाठ होती. जाड कॅनव्हासचे शीड होते, त्याच्या आतल्या टाक्यापाशी मेणाने माखलेले टोक वळवून ठेवलेले. लहान मुलाचा मोजा होता, टाचेला दुसऱ्याच रंगाच्या लोकरीची जाळी भरलेला. गालिच्याची पाठ होती. एका सैनिकाच्या कांबळ्याची कड होती. खाली कुणीतरी लिहिले होते की, हे माझ्या आजीने शिवले, मागे धागा का सोडला आहे हे आम्हाला कधी कळले नाही, आज कळले. बर्फाळ प्रदेशातल्या एका माणसाने कातडी हातमोज्याची आतली बाजू दाखवली होती. वाळवंटातल्या एका बाईने तंबूचे कापड. प्रत्येकात ते होते. कुठे पेराएवढे, कुठे वीतभर. कुठे गाठीचे, कुठे वळशाचे. भाषा निरनिराळ्या होत्या, सूनबाईचा फोन त्या वाचून दाखवत होता, आणि पुन्हा पुन्हा एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडांनी येत होती: आमच्यात असं ठेवतात. माझे वडील ठेवायचे. आमच्या गुरूंनी सांगितलं होतं, कुठून आलं ठाऊक नाही.

काकांचे बोट काचेवर सरकतच राहिले. ज्या गोष्टीला ते एका खोलीचे गुपित समजत होते, ती साऱ्या पृथ्वीवर पसरलेली होती आणि प्रत्येक जण ती आपल्यापुरतीच आहे असे समजून, उलटी बाजू झाकून, आपापल्या खिडकीपाशी एकटा बसला होता. किती पिढ्या, किती हात! कुणी कुणाला पाहिले नव्हते. आणि आज एका उघड्या पदरापायी सगळ्यांनी एकाच वेळी मान वर करावी, तसे झाले होते. काकांनी फोन मेजावर ठेवला आणि नकळत हात जोडले.

रेडिओ दारात उभा होता. त्याच्या तोंडात खिळे नव्हते, तरी तो गप्प होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "अरे, म्हणजे तू एकटा नव्हतासच की!"

"नव्हतो," काका म्हणाले. "नव्हतो रे."

त्या प्रवाहात खाली एक निरोप होता. एका म्हातारीचे दोन हात, गाठाळलेले, आणि त्यांत दुहेरी विणीचा तुकडा. खाली लिहिले होते: 'हे काम माझे नाही. माझ्या ओळखीच्या कुणाचेही नाही. पण मला येते. शिकवीन. माझे डोळे फार दिवस टिकणार नाहीत, लवकर बोलवा.'

*

तिच्याकडे संध्याकाळ होती तेव्हा इकडे सकाळ होती. सूनबाईने फोन भिंगाशेजारी टेकवून ठेवला. काचेत एक खोली उजळली: तिथेही एकच खिडकी, तिथेही उतरते मेज, लोकरीच्या तुकड्यात टोचलेल्या सुया. म्हातारीच्या झग्याच्या छातीवर एक सुई टोचलेली होती. काकांनी आपल्या छातीवरच्या सुईला हात लावला. तिने ते पाहिले आणि तिचे तोंडभर हसू सांडले. पुढचे दोन दात नव्हते.

तिचे शब्द फोन मराठीत उतरवून देई, पण ते काम त्याला फारसे जमत नव्हते. "ती म्हणते," सूनबाईने वाचले, "'तुमची सुई रागावली आहे.'"

काकांनी सुईकडे पाहिले. ती खरोखरच जरा अधिक तिरपी धरली गेली होती. त्यांनी मनगट सैल केले.

"आता म्हणते, 'सुई खूश झाली.'"

त्यानंतर भाषांतराची गरज उरली नाही. तिने एका वेळी दोन सुया धरल्या. वरच्या पदरात एक, खालच्या पदरात एक. वरची एक धागा ओलांडी तेव्हा खालची थांबे; खालची निघे तेव्हा वरची वाट पाही. चालताना दोन पाय करतात तसे. सगळी टोके दोन पदरांच्या मध्ये, त्या अरुंद गाभाऱ्यात, गडप होत. काकांचे हात चुकले की ती मेजावर बोटाने टकटक करी: एक, थांबा, दोन, थांबा. समुद्रांपलीकडून येणारी ती टकटक ऐकत, काका पुन्हा शिकाऊ वयातले झाले. सूनबाई मध्येच पाणी ठेवून गेली ते त्यांना कळलेही नाही. दार लोटून गुरू जे करीत ते हेच होते. ती पुढची थंडी अखेरीस आली होती, मात्र कुठल्या वाटेने!

काही दिवस असेच गेले. मग काकांनी खऱ्या शालीला हात घातला. आतली वीण नव्या धाग्यांनी भरली, पण किनारीवरच्या शेवटच्या टाक्यांना त्यांचा रंग जुळेना. म्हणून त्यांनी त्या अनोळखी कारागिराचे राखलेले टोक हलकेच सोडवले, सुईत ओवले, आणि ज्यासाठी ते राखले होते त्यासाठीच वापरले. शालीच्या वयाचा तो धागा किनारीत असा मिसळला की जणू घरी परतला. शेवटचा टाका घालताना ते घुटमळले. इथे टोक राखावे का? या कापडाला उलटी बाजू नाही. पदरांच्या मध्ये ठेवले तर बोटाला दाणा लागेल. शिक्षिकेच्या आईच्या बोटांना फसवायचे तर काम निर्दोष हवे. डोळ्यालाच नव्हे, स्पर्शालासुद्धा. त्यांनी आयुष्यात प्रथमच धागा लगटून कापला. उरलेला लहानसा तुकडा सुईच्या नेढ्यातच राहिला. सवयीने ती सुई त्यांनी छातीवर टोचली.

भिंगाखाली पाहिले, बोट फिरवले. कुठे काही नव्हते. इतके चांगले काम आपल्या हातून पूर्वी कधी झाले नाही, असे त्यांना वाटले, आणि ते खरे होते.

*

शाल पोचवायला ते स्वतः गेले. सूनबाई बरोबर होती. शिक्षिकेच्या घरी, खिडकीशी, चाकांच्या खुर्चीत तिची आई बसली होती. अंग वाळलेले, पण बोटे लांबसडक आणि जागी. रिकाम्या हवेतच काहीतरी चाचपत होती.

लेकीने शाल मांडीवर पसरली. फाटलेली जागा तिला सापडेना. "काका, जादू केलीत हो! कुठे होती तेच कळत नाही."

आईने कड चिमटीत धरली. बोटे निघाली. बोटे त्या जागेपाशी आली आणि पुढे निघून गेली. टोकाला जाऊन परतली. पुन्हा त्या जागेवरून गेली. पुन्हा परतली. तिच्या घशातून बारीक, लहान मुलासारखा आवाज निघू लागला.

"आई, ही तुझीच शाल आहे गं," लेक म्हणाली. "तुझीच आहे." मग ती तोंड फिरवून भिंतीकडे पाहू लागली.

काका खुर्चीशेजारी उभेच होते. काय चुकले? एक धागा चुकला नव्हता. तेवढ्यात सूनबाईच्या फोनवर निरोप वाजला. तिने तो हळू आवाजात वाचला. "बाबा, त्या शिकवणाऱ्या आजींचा आहे. विचारतात, 'पुढच्याचं ठेवलंत ना?'"

काकांनी डोळे मिटले. मग स्वतःशीच म्हणाले, "अरे देवा. ती तेच शोधतेय."

चाकाने शाल फाडली तेव्हा ते टोक सुटून आतल्या आत सरकले होते; जिथे बोटे जायची तिथून ते हलले होते. एवढी वर्षे तिची बोटे निर्दोष कापडावरून धावत येऊन थांबत होती ती कुणा अनोळखी माणसाने मागे ठेवलेल्या त्या दाण्यापाशी. आणि तो दाणाच काकांनी अधिक चांगले काम करण्याच्या हौसेने पुसून टाकला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ते जमिनीवर बसले. "बाई, जरा त्यांचा हात धरा. खुर्ची उजेडाकडे घ्या." छातीवरची सुई त्यांनी काढली. नेढ्यात तो तुकडा अजून होता, त्या पहिल्या कारागिराच्या धाग्याचा उरलेला अंश, नखाएवढा. भिंग नव्हते. पण बोटांना वाट ठाऊक होती. एक, थांबा, दोन, थांबा. पदर विलग झाले, सुई आत शिरली, धाग्याला एक सैल वळसा मिळाला. डावीकडून उजवीकडे, जसा त्याने दिला होता तसा. मग काकांनी सुई काढून घेतली आणि पदर मिटू दिले.

"सोडा त्यांचा हात," ते म्हणाले.

बोटे पुन्हा निघाली. किनारीवरून सरकत आली, त्या जागेशी आली, आणि थांबली. अंगठा एकदा त्यावरून गेला. पुन्हा गेला. आईने एक लांब श्वास सोडला, तिचे खांदे खाली आले, आणि तो रडका आवाज विरून गेला. थोड्या वेळाने ती काहीतरी गुणगुणू लागली. शब्द नव्हते, नुसता सूर होता.

लेक तिच्या पायाशी बसून तिचा दुसरा हात गालाला लावून होती. "कुठंय ते?" तिने विचारले. "मला दाखवा ना."

काकांनी जवळ वाकून पाहिले. त्यांना ते दिसेना. आपल्याच हातचे, आत्ताच केलेले, तरी दिसेना. ते हसले. "डोळ्यांनी नाही सापडायचं, बाई. डोळे मिटा."

तिने डोळे मिटले. त्यांनी तिचे बोट धरून आईच्या बोटाशेजारी नेऊन ठेवले.

"लागलं," ती कुजबुजली. "हे कुणाचं आहे?"

दारापाशी उभ्या असलेल्या सूनबाईने त्या शिकवणाऱ्या आजींना फोन जोडून तो तिघांच्या हातांकडे वळवला होता. दूर कुठेतरी, संध्याकाळच्या खिडकीपाशी, दोन दात नसलेली ती म्हातारी मेजावर बोट न वाजवता, स्तब्ध बसून पाहत होती.

"पुढच्याचं," काका म्हणाले.